घोडं कुठं पेंड खातंय?

माणसाने आयुष्यात कुणाकुणाची बोलणी खावीत याला काही धरबंध असावा. शाळेत मास्तरांची खाल्ली, कचेरीत साहेबांची खाल्ली, आणि घरी तर काय, पानात लोणचं असावं तशी ती डाव्या बाजूला वाढलेलीच असतात. पण गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी दुपारी पाऊण वाजता, मला माझ्याच लॅपटॉपने सुनावलं. तुमचं हे उपकरण संस्थेच्या धोरणाशी सुसंगत नाही, सबब आत प्रवेश नाही, आपल्या प्रशासकाशी संपर्क साधावा. बोलला तो इंग्रजीतच, पण अपमान शुद्ध मराठीत झाला.

बरं, मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं अशातलाही भाग नाही. त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. पासवर्ड विचारला, तोही सांगितला. मोबाईलवर आलेला सहा आकडी मंत्र म्हणून दाखवला. त्यावर "ओळखलं हो, या" असा त्याचा चेहरा झाला आणि मग हे. दारात आलेल्या जावयाला ओळखावं, हसावं, त्याच्या पायांवर पाणी घालावं, आणि नंतर त्याच्या चपलांत काहीतरी खोट आहे म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर उभं करावं, त्यातली गत.

"सुसंगत नाही म्हणतोय," मी हिला म्हणालो.

"हुशार आहे," ही करंज्यांचं सारण परतता परतता म्हणाली. "तीन वर्षांत कळलं त्याला."

एरवी मीही हे हसण्यावारी नेलं असतं. यंत्र रुसलं म्हणजे दुपारची वामकुक्षी मिळते, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव आहे. पण त्या दिवशी माझ्या हातात एकशे अठरा माणसांची दिवाळी होती. एका कारखान्याच्या हिशेबखात्यात मी पगारपत्रकं करतो. गुडघ्याने दगा दिल्यामुळे आठवडाभर घरूनच करत होतो. कंत्राटी कामगारांचा पगार आणि बोनस यांची यादी चार वाजायच्या आत बँकेकडे गेली तर पैसे संध्याकाळी जमा, नाहीतर थेट सुट्ट्यांनंतर. फोरमनचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. "साहेब, पोरं विचारतायत. बाजाराला जायचंय." त्याला काय सांगणार? तुमची दिवाळी माझ्या लॅपटॉपच्या तब्येतीवर आहे म्हणून?

प्रशासकाशी संपर्क साधायचा म्हणजे तक्रार नोंदवायची. तक्रार नोंदवायची जागा आत होती. म्हणजे तक्रारीची वही आत, आणि आत जाता येत नाही हीच तक्रार. शेवटी ओळखपत्राच्या मागे बारीक अक्षरात एक फोन नंबर सापडला. तो लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या आणि सतारीवर कुणीतरी तीच ती सहा सेकंदांची गत वाजवायला लागलं. हे चाळीस मिनिटं चाललं. अशा वेळी माणूस एक तर वेडा होतो किंवा इतिहासात शिरतो. मी इतिहासात शिरलो.

कारण मला सारखं वाटत होतं, की स्वाराला ओळखून घोड्याला अडवायचा हा प्रकार आपण कुठेतरी वाचलेला आहे. आणि वाचलेला होताच. अल्लाउद्दीन खिलजीचा काळ म्हणजे १२९६ ते १३१६. त्या वेळी सरकारातून घोडेस्वाराचा पगार उचलायचा आणि हजेरीच्या दिवशी कुणाचं तरी घोडं आणून उभं करायचं, तेच घोडं पुन्हा दुसऱ्याने दाखवायचं, हा एक सुखाचा धंदा होता. खिलजीने त्यावर तोड काढली. घोड्याला तापल्या लोखंडाने डाग द्यायचा आणि स्वाराचं वर्णन कागदावर उतरवायचं. पुढे शेरशहाने ही रीत उचलली आणि १५७३-७४ च्या सुमाराला अकबराने ती पुन्हा जारी केली. घोड्याचा तो दाग आणि माणसाचा तो चेहरा. आज माझ्या लॅपटॉपने पोटात जे प्रमाणपत्र बाळगलेलं असतं तो दाग, आणि माझं नाव-पासवर्ड हा चेहरा. सातशे वर्षांत फरक पडला तो एवढाच, की लॅपटॉपला चटका बसत नाही. मला बसतो.

या व्यवस्थेचं पुढे काय झालं तेही बदायूनीने लिहून ठेवलं आहे. बदायूनी म्हणजे अकबराच्या दरबारातला खवट इतिहासकार. असा एखादा माणूस प्रत्येक कचेरीत असतो आणि खरा इतिहास तोच लिहितो. तो सांगतो, की सरदार हजेरीच्या दिवशी आपल्या नोकरचाकरांना शिपायांचे कपडे चढवून उभे करीत. तपासणी यथासांग होई. कागद पूर्ण, शिक्का पक्का, फौज गायब. लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री आमच्या खात्यात जी धावपळ चालते ती पाहिली असती, तर बदायूनीला ओळखीचं वाटलं असतं.

पण माझं दुखणं खरं कळलं असतं ते आपल्या शिलेदाराला. बारगीर आणि शिलेदार हा भेद आपण चौथीत पाठ केलेला असतो आणि पाचवीत विसरलेला असतो. बारगिराचं घोडं सरकारी. शिलेदार आपलं घोडं, आपली हत्यारं घेऊन चाकरीला येणार. शिलेदाराच्या घोड्यात त्याची सगळी पुंजी अडकलेली. घोडं मेलं की संसार बसला, म्हणून तो लढाईत शत्रूपेक्षा घोड्याकडे जास्त बघणार. थोरल्या महाराजांनी हे बरोबर ओळखलं होतं. सभासदाच्या बखरीत ही सगळी मांडणी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, असा हिशेब. भर पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांवर, आणि शिलेदारांना पागेच्या अधिकाराखाली ठेवलेलं. घोडं तुझं असेल बाबा, पण हुकूम आमचा. दसऱ्याला लष्कर मुलुखगिरीला निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी व्हायची आणि परतताना झडती. यादीपेक्षा जास्त निघालं तर हिशेब द्यायचा. यातलं काहीही अन्यायाचं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. झडती स्वतःची होईपर्यंत इतिहास फार न्याय्य वाटतो.

आता मधला एक मोठा टप्पा असा, की ज्यात घोडं कुणी तपासलंच नाही. फक्त परवलीचा शब्द विचारायचा. संगणकाच्या राज्यात हा शब्द आणला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो या गृहस्थांनी, १९६१ साली. एकच अवाढव्य यंत्र, त्यावर अनेकांनी आळीपाळीने काम करायचं, तेव्हा ज्याची फाईल त्याला मिळावी एवढाच साधा हेतू. चाळीत नळ एक आणि बिऱ्हाडं बारा, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या बादलीवर नाव घालावं तसं. वर्ष झालं नाही तोच, १९६२ साली, ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने सगळ्यांच्या बादल्या पळवल्या. त्याला आठवड्याला यंत्राचे चार तास मिळायचे आणि प्रबंधाला तेवढे पुरत नव्हते. त्याने काय केलं, शुक्रवारी रात्री पासवर्डांची फाईल छापून द्या असं एक छिद्रित कार्ड यंत्राला सरकवलं आणि शनिवारी सकाळी जाऊन छापील यादी उचलली. यंत्राने निमूट छापून दिली! त्याने हे कबूल केलं पंचवीस वर्षांनी, सत्कार-समारंभाच्या वयात. आणि १९६६ साली त्याच यंत्रावर दोन फायलींची अशी काही अदलाबदल झाली, की आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. गावजेवणच.

पुढचा छळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एक अक्षर मोठं, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदला. हा उपदेश ज्यांच्या लिखाणामुळे जगभर पसरला ते बिल बर, अमेरिकेच्या मानकसंस्थेतले अधिकारी. साल २००३. निवृत्त झाल्यावर २०१७ साली त्यांनी जाहीर कबुली दिली, की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नवे नियम काढले आणि विनाकारण ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. हे आमच्या कचेरीला अजून कुणी कळवलेलं नाही. तिथे मी हिचं नाव आणि पुढे आकडा, असा पासवर्ड ठेवतो. दर तीन महिन्यांनी आकडा एकाने वाढतो. सध्या सतरावर आहे. (आता छापून आलं म्हणजे अठरावर न्यावा लागणार.) लंडनच्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅस या दोघींनी १९९९ सालीच एक निबंध लिहून सांगितलं होतं, की नियम मोडणारा कर्मचारी हा शत्रू नव्हे, नियम त्याच्या कामाच्या आड येतो म्हणून तो पळवाट काढतो. फार शहाण्या बायका. त्यांचं ऐकलं नाही यात नवल नाही.

घोडं पुन्हा तपासायची पाळी आली ती मोठ्या साहेबांमुळे. २००७ साली आयफोन निघाला आणि साहेब लोक तो खिशात घालून कचेरीत आले आणि म्हणाले, आमची टपालं यावर दिसली पाहिजेत. कारकुनाने स्वतःचं यंत्र आणलं तर तो नियमभंग, साहेबाने आणलं तर ते धोरण. झाले सगळे शिलेदार. त्यात २००९ साली गूगलसारख्या कंपनीत घुसखोरी झाली. तटाच्या आत आला तो आपला, हा समज तिथे निकालात निघाला. २०१० साली जॉन किंडरवाग या गृहस्थांनी याला सिद्धान्ताचं रूप दिलं. कुणावरही आपोआप विश्वास ठेवू नका, आतल्यावरही नाही. आमच्या आजीचा हाच सिद्धान्त होता, पण तिला कुणी परिषदेला बोलावलं नाही. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एका आठवड्यात सगळी फौज आपापल्या घरून, आपापल्या घोड्यावर, पायजम्यात लढायला लागली.

इथे सतार थांबली.

"नमस्कार सर, बोला, काय प्रॉब्लेम आहे?" आवाज एका मुलाचा होता. फार तर पंचविशीचा असेल. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी त्याला झाला प्रकार सांगितला, थोडा अपमानासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक विचारत गेला. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का? आहे. विषाणू-प्रतिबंधक चालू आहे? आहे. डिस्क कूटबद्ध आहे का, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं वाचता येऊ नये अशी तजवीज? त्याने सांगितलं तिथे जाऊन पाहिलं. होती. "मग घोडं कुठं पेंड खातंय?" मी म्हणालो.

"वहीत," तो म्हणाला.

आणि मग त्याने जे समजावून सांगितलं ते कुणीतरी मला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. लॅपटॉपच्या पोटात एक कारकून बसवलेला असतो. तो अधूनमधून वर कळवतो, प्रणाली अमुक, कुलूप लागलेलं, पहारा चालू. वर एक वही आहे. तिथे आपल्या नावापुढे हिरवी किंवा तांबडी खूण होते. दारावरचा पहारेकरी घोड्याकडे बघतच नाही. तो वहीत बघतो. कारकुनाने बरेच दिवस काही कळवलंच नाही तर वहीत आपोआप तांबडं पडतं. म्हणजे घोडं दारात उभं राहून खिंकाळत असतं आणि पहारेकरी वही उघडून सांगतो, तुमचं घोडं वारलं.

माझ्या बाबतीत वहीत तीन घोडी होती. एक जुना लॅपटॉप, जो केव्हाच परत केला होता. एक सध्याचा. आणि तिसरा पुन्हा सध्याचाच, दुरुस्तीनंतर दुसऱ्यांदा नोंदलेला. मुलाने दोन मेलेली घोडी वहीतून काढली. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, कुलूप नाही. कुलूप तर डोळ्यांसमोर होतं.

"सर, रीस्टार्ट कधी केला होतात?"

हा प्रश्न म्हणजे डॉक्टरने "पोट साफ आहे ना?" विचारण्यासारखा. मी जरा ताठरलो. "रोज रात्री व्यवस्थित बंद करतो. तीस वर्षं हिशेबखात्यात आहे मी."

"बंद नाही सर. रीस्टार्ट." त्याने मला एक खिडकी उघडायला लावली आणि तिथला एक आकडा वाचायला सांगितला. यंत्र अखंड चालू असल्याचा काळ. एक्केचाळीस दिवस! मी रोज रात्री निगुतीने बंद करत होतो आणि ते एक्केचाळीस दिवस जागं होतं. मुलाने खुलासा केला, की २०१२ पासून विंडोजमध्ये सकाळी चटकन उठता यावं म्हणून 'बंद करा' म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही, गाभा तसाच झोपवून ठेवतं. 'रीस्टार्ट' म्हटलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आणि कुलपाची ती साक्ष यंत्र नव्याने सुरू होतानाच घेतली जाते. एकदा घेतली ती एक्केचाळीस दिवसांपूर्वी. दुरुस्तीनंतर कुलूप लावलं ते त्यानंतर. कारकून बिचारा जुनीच साक्ष वर पाठवत राहिला.

मी रीस्टार्ट केला. दोन पंचवीस. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. सुधारणा चालू आहेत, यंत्र बंद करू नये. चार टक्के. फोरमनचा फोन आला, मी "होतंय, होतंय" म्हटलं. अकरा टक्के. पावणेतीन. सतरा टक्क्यांवर ते आकडे असे चिकटून बसले, की माझा धीर सुटला आणि मी त्या मुलाला मनातली गोष्ट सांगून टाकली. माझ्या खणात एक पेन ड्राइव्ह आहे. वेळेला असावी म्हणून त्यावर यादीची एक प्रत मी नेहमीच ठेवतो. शेजारच्यांच्या मुलाचा संगणक समोरच आहे. तिथून बँकेचं पान उघडलं की दहा मिनिटांत काम.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "सर, त्या यादीत सगळ्यांचे खाते नंबर असतील ना?"

होते. खाते क्रमांक, आधार क्रमांक, पत्ते, एकशे अठरा माणसांचे. शेजारचा मुलगा त्या यंत्रावर कुठून कुठून फुकटात उतरवलेले खेळ खेळतो हे मी स्वतःच त्याच्या बापाला चहा पिता पिता हसून सांगितलेलं होतं. पेन ड्राइव्ह गेली दोन वर्षं खणात, पिना, रबरबँड आणि हिच्या चष्म्याच्या जुन्या डबीशेजारी पडलेला होता. खणाला कुलूप नव्हतं. ज्या यादीसाठी एवढा मोठा दरवाजा घातला होता, तिची प्रत मी कडीही न लावता ठेवून दिली होती, आणि मी मघापासून पहारेकऱ्याला शिव्या देत होतो.

काही बोलायचं म्हणून मी त्याला हिरकणीची गोष्ट सांगितली. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला मिटलेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि हुकमाशिवाय दार उघडेनात तेव्हा कडा उतरून गेलेली आई. आख्यायिकाच आहे, पण सांगताना माझा आवाज जरा भरून आला. दाराशी अडलेल्याची कड घ्यायला हिच्याइतकी चांगली साक्षीदार नाही.

"हो सर, माहीत आहे," मुलगा म्हणाला. "मग महाराजांनी तिथे बुरूज बांधला ना? म्हणजे पॅच केलं."

मी गप्प झालो.

"आणि तिला साडी-चोळी पण दिली," तो म्हणाला. "आमच्यात ते राहून जातं."

तीन वाजून दहा मिनिटांनी यंत्र उठलं. वहीत अजून तांबडंच. त्याने एक बटण दाबायला सांगितलं, कारकुनाला "आत्ताच्या आत्ता वर कळव" म्हणण्याचं. दाबलं. तांबडं. पाच मिनिटं थांबा म्हणाला. थांबलो. ही करंज्या तळायच्या सोडून माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभी होती. मुलाने फोन ठेवला नाही. मध्येच म्हणाला, आज सकाळी त्याच्या स्वतःच्या यंत्रालाही दारात अडवलं होतं आणि त्याला दुसऱ्या मुलाला फोन करावा लागला होता, त्यालाही सतार ऐकवली. मला उगाचच बरं वाटलं.

तीन अडतीसला हिरवं झालं. तीन एक्कावन्नला यादी बँकेत पोचल्याची पावती आली.

"सर, आता तिकीट बंद करायचंय," मुलगा म्हणाला. "कारण निवडावं लागतं. वापरकर्त्याची चूक, यंत्राचा दोष, धोरणातला बदल, इतर. काय टाकू?"

मी विचार केला. रीस्टार्ट न करणारा मी, खोटं खोटं झोपणारं यंत्र, घोडं सोडून वही बघणारा पहारेकरी, आणि खणातला तो पेन ड्राइव्ह, जो मी सुट्ट्या संपल्यावर कचेरीत नेऊन रीतसर पुसून घेण्याचं त्याला कबूल केलं होतं.

"वापरकर्त्याची चूक टाकू नका," मी म्हणालो. "तीस वर्षांत माझ्या नावावर एकही नाही."

त्याने 'इतर' टाकलं. साडेसहाला फोरमनचा मोबाईलवर एकच शब्द आला, "जमा." मी तो हिला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो, तर तिने माझ्या हातावर एक करंजी ठेवली. फुटलेली होती. अख्ख्या, म्हणाली, पाहुण्यांसाठी आहेत.